होण्याजोगी होडी

वैशाख लागला की आमचं धरण मागं सरायला लागतं. एकदम नाही, रोज थोडंथोडं. सकाळी ज्या दगडावर बसून हंडा भरला तो दगड पुढच्या आठवड्यात कोरडा पडलेला असतो, आणि पाण्याला जायचं तर चिखल तुडवावा लागतो. मग खालचं सगळं वर येतं. आधी जुन्या खाचरांचे बांध. मग आंब्यांचे काळे बुंधे. मग एका विहिरीचा नुसता काठ, कुणाच्या तरी घराचं जोतं, दारासमोरच्या पायऱ्या. सगळ्यावर राखेसारखा गाळ. ऊन लागलं की त्या गाळाला वास सुटतो, शेवाळाचा, मेलेल्या माशांचा. वर डोंगराच्या अंगाला भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले असतात, त्यांचा धूर उतरून त्या वासात मिसळतो. हा मिसळलेला वास आला की आजही माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो.

कारण बांध, बुंधे, विहीर हे सगळं वर येऊन गेलं की अगदी शेवटी होडी वर येते.

आता तिला होडी म्हणणं म्हणजे हाडांना माणूस म्हणण्यासारखं आहे. गाळात रुतलेल्या चार वाकड्या फासळ्या, आणि डोलकाठी जिथं उभी असायची तिथलं भोक. परवा पाण्याला गेले तेव्हा त्या भोकात एक बगळा चोच घालत होता. मी हंडा खाली ठेवला आणि उगाच त्याला हाकलला.

मी मूळची इथली नव्हे. मी खाडीकाठची, घाटाखालची. माझे बाबा होड्या दुरुस्त करायचे. आमच्या अंगणात कायम एक तरी होडी कुशीवर पडलेली असायची. फटींतून ठासायला कापसाच्या वाती वळायचं काम बायकांचं, ते मी चालायला लागल्यापासून केलं. लाकडाला चोपडायच्या मुशी माशाच्या तेलाचा वास केसांतून जायचा नाही. चौथीत असताना आई गेली. भाकऱ्या थापायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. बाबांना त्याचं फार लागलं असावं, कारण त्यानंतर ते मला त्यांच्या परीनं शिकवायला लागले. होडीच्या एका टोकाला ते लाकडी मोगरीनं ठोकायचे आणि दुसऱ्या टोकाला मी कान लावून बसायची. चांगलं लाकूड बोलतं. ठोका पडला की सरळ कानापर्यंत येतो, टणक, थोडा गोड. कुजलेलं लाकूड ठोका गिळून टाकतं. बाबा विचारायचे, "काय गो, बोलता का?" मी हो किंवा नाही म्हणायची. मग ते मालकाला सांगायचे, "होण्याजोगी हाय," नाहीतर नुसते मान हलवायचे. त्यांच्या तोंडात होडीविषयी याहून जास्त शब्द नव्हते. पण होण्याजोगी नसलेल्या होडीला त्यांनी कधी होण्याजोगी म्हटलं नाही, मालक कितीही रडला तरी.

लग्न होऊन मी घाट चढून इथं आले तेव्हा मला सगळ्यांत नवल वाटलं ते या पाण्याचं. आमच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती यायची, दोनदा ओहोटी. इथलं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं. मी नवी नवरी, कुणाला विचारायची चोरी. मनात म्हणायची, किती सावकाश श्वास घेतंय हे!

या घरानं मला फार सांभाळलं, हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढच्या सांगण्यात राहून जायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडानं फटकळ. पण पहिल्या पावसाळ्यात मला भाताची लावणी जमेना, पाय चिखलात अडकून मी रडायला लागले, तेव्हा माझ्या ओळीतली रोपं त्या आपल्या ओळीबरोबर लावत गेल्या आणि कुणाला कळू दिलं नाही. आणि मामंजी, माझे सासरे. मामंजी माझ्याशी कधी बोलले नाहीत. रागावलेले होते म्हणून नव्हे. सुनेशी थेट बोलायचं नाही, अशी या घरची रीत. जे सांगायचं ते ते म्हशीला सांगायचे. मी चुलीशी, ते गोठ्यात, मध्ये नुसता कूड. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं म्हणायचे, "काय गं चंद्रे, आज आमटीला मीठ लई झालं म्हनावं." मी इकडे पाणी घालायची. पौडच्या बाजाराला गेले की पुड्यांचे छापील कागद घडी करून आणायचे, कुडाच्या फटीत खोचायचे आणि म्हशीला म्हणायचे, "हे फेकू नगं म्हनावं. कुनाला वाचाया लागत्यात." माझी चौथी त्या फटीतून पुढं सरकत राहिली. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या कागदांच्या आणि चंद्रीच्या उपकारानं.

ज्या साली ही गोष्ट घडली त्या साली माघात माझी मुलगी गेली. पहिलीच. बारसं झालं होतं, कानाला दोऱ्या घातल्या होत्या. ताप आला आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर नुसतं वजन उरलं. त्याविषयी मला जास्त लिहिता येत नाही. मी बोलायची थांबले. ठरवून नव्हे, शब्द तोंडापर्यंत यायचेच नाहीत. पानात वाढलेलं तसंच राहायचं. आत्याबाई म्हणायच्या, "खा गं बाई, आगं माज्या तोंडाकडं तरी बग." आमचे हे धरणावरच्या कामावरून यायचे, माझ्याशेजारी बसायचे आणि गवताची काडी मोडत राहायचे. माहेरी पाठवावं, तर तिथं आई नाही, आणि मला घाट उतरवेल इतकं अंगात त्राणच नव्हतं.

चैत्र संपता संपता घाटाखाली जाणाऱ्या एका माणसाबरोबर मामंजींनी माझ्या बाबांना निरोप धाडला. मला बोलावणं धाडलेलं कळलंही नाही. निरोप असा होता, की आमची शिडाची होडी बरीच वर्षं पडून आहे, ती होण्याजोगी आहे का, येऊन बघून जावं.

ती होडी धरणावरच्या कुणा गोऱ्या साहेबानं हौसेनं आणलेली. देश सोडून जाताना त्यानं ती मामंजींना देऊन टाकली, कारण ती ओढायला, पुसायला तेच असायचे. साहेबाची हौस मामंजींनी गवताला लावली. पलीकडच्या डोंगरावरचं गवत, पेंढा, एकदा तर वऱ्हाडसुद्धा त्या होडीतून आलं म्हणतात. शीड फाटलं तेव्हा त्याला आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लागलं. आत्याबाई अजून सांगतात, "आख्खं धरान माजं लुगडं बगायचं!" पुढं पाण्यात लाँच फिरायला लागली आणि होडी एका ओहोळात पडली ती पडलीच. दर पावसाळ्यात बुडायची, दर उन्हाळ्यात उघडी पडायची.

बाबा घाट चढून आले ते भर दुपारी. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायाला फोड. दारात मला बघितलं आणि त्यांची नजर माझ्या रिकाम्या हातांवरून सरकली.  मी तांब्या पुढं केला तसे ते मागं सरले.

आमच्यात लेकीच्या घरी तिचं मूल रांगेपर्यंत बाप जेवत नाही, पाणीही पीत नाही. कधी एकदा नात रांगते याची त्यांनी वाट पाहिली असणार. आता तांब्या धरून मी उभी आणि बाबा ओसरीच्या खाली उन्हात उभे. तेव्हा मामंजी गोठ्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "इवाई, तुमी पाव्हने म्हनून आलाय का कामाला आलाय?"

"कामाला," बाबा म्हणाले.

"मग कामाच्या मान्साला भाकर द्यावी लागती. ती का लेकीच्या घरची आस्ती व्हय? ती कामाची आस्ती. प्या पानी."

बाबा पाणी प्याले. मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं: होडीचं काम आहे तोवर बाबा या घरात राहू शकतात, जेवू शकतात. होडी होण्याजोगी निघाली, तर मृगापर्यंत. नाही निघाली, तर पिशवी उचलायची आणि घाट उतरायचा.

दुसऱ्या दिवशी सगळे होडीपाशी गेलो. बाबांनी लांबूनच बघितलं आणि हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. मामंजींनी होडी शेणानं सारवली होती. आतून, बाहेरून, फटीफटींतून माती आणि शेण लिंपून, वर हात फिरवून अगदी गुळगुळीत. आमच्याकडं कणगी अशीच लिंपतात, दाणा गळू नये म्हणून. ज्यातून दाणा गळत नाही त्यात पाणी कशाला शिरेल, असा त्यांचा हिशेब.

"व्याहीबुवा," बाबा म्हणाले, "हिच्यात भात भरायचा की हिला पाण्यात घालायची?"

"हसा, हसा," मामंजी म्हणाले. "तुमच्या मुशीच्या त्यालापरीस वास तर बरा हाय!"

आणि मी हसले. माघापासून पहिल्यांदा. माझं मलाच दचकायला झालं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली.

मग बाबांनी ते शेण खरवडायला घेतलं. एका सकाळचं काम, पण ते लांबलं. रोज थोडं खरवडायचे, थोडा गाळ काढायचे, मग वर काठावरच्या जांभळीखाली बसून मामंजींबरोबर तंबाखू मळायचे. तळाची एक फळी नव्हतीच. "पान्यानं नेली आसंल," मामंजी म्हणाले. बाबांनी मान डोलावली. संध्याकाळी बाबा चुलीपुढं बसायचे आणि खाडीच्या गोष्टी सांगायचे, कुणाची होडी फुटली, कुणाचं लग्न झालं, आमच्या दारचं उंडीचं झाड केवढं वाढलं. मी मधेच काहीतरी विचारायची. विचारता विचारता भाकरीचा तुकडा तोंडात जायचा. गोठ्यातून आवाज यायचा, "चंद्रे, दोन भाकरी खाल्ल्या गं आज! दोन!"

पण माझं लक्ष सारखं खुंटीवरच्या पिशवीकडं. तोंड सुटं असलं की जीव खाली पडायचा. कुठं दोरी आवळलेली दिसली की भाकरी तव्यावर करपायची. रोज सकाळी देवाला नव्हे, त्या पिशवीला नमस्कार करायची.

एके सकाळी शेण सगळं निघालं आणि होडी उघडी पडली. लांबवायला आता काही उरलं नव्हतं. बाबा एका अंगाला, मामंजी दुसऱ्या अंगाला.  दोघंही होडीकडं बघत नव्हते. बाबांनी मोगरी काढली आणि मला म्हणाले, "तू ऐक गो बाय. माझा कान आताशा जरा बहिरा झालाय."

आणि मग मामंजी बोलले. तिथं म्हैस नव्हती, गोठा नव्हता. माझ्याकडं बघून, या घरात आल्यापासून पहिल्यांदा, माझ्याशी बोलले. "सूनबाई, तूच सांग. व्हईल का न्हाई?"

मी गाळात गुडघे टेकले. तळाचं मुख्य लाकूड, ज्याच्यावर अख्खी होडी उभी असते, ज्याला आम्ही पठाण म्हणतो, त्याला कान लावला. लाकूड गार होतं. बाबांनी ठोका दिला.

काहीच आलं नाही. म्हणजे आलं, पण लांबून कुणी गोधडी झटकावी तसं. बाबांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच.

वर बघितलं तर दोन म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. खरं सांगते, 'बोलता' हा शब्द जिभेवर आला होता. एवढं म्हटलं की बाबा मृगापर्यंत. पण डोळ्यांपुढं दिसलं ते असं: होडी पाण्यात, हिरवं ठिगळ वाऱ्यावर फुगलेलं, मधोमध मामंजी गवताच्या भाऱ्यावर बसलेत आणि खालून पठाण सुटतंय. एक जीव मांडीवरून गेला होता. दुसरा माझ्या शब्दानं जाऊ द्यायचा? आणि बाबांच्या लेकीनं बाबांच्याच तोंडावर खोटं बोलायचं? 

"बाबा," मी म्हणाले, "पठाण बोलत नाय."

दोघांनी होडीकडं बघितलंच नाही. होडीच्या वरून एकमेकांकडं बघितलं. मामंजींनी हात झटकले, हाताला काही लागलेलं नसताना. बाबा म्हणाले, "बरोबर ऐकलंस गो." आणि मोगरी पिशवीत ठेवली.

त्या संध्याकाळी कुडापलीकडून मामंजींचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा नव्हे. "हुशार हाय गं चंद्रे. लई हुशार हाय. पर हुशारी मागितली हुती कुनी?"

मला ते टोमण्यासारखं लागलं. बाप्यांच्या मधे बोलले म्हणून असेल, होडीची त्यांची आशा मोडली म्हणून असेल. कितीतरी दिवस मी ते मनात धरून होते.

सकाळी बाबांना पोचवायला मी पाण्याच्या कडेकडेनं बरीच लांब गेले. वळणापाशी ते थांबले, वाकून ओंजळभर पाणी प्याले. म्हणाले, "गोडं पाणी लाकडाला चांगलं नाय गो, कुजवता. पण माणसाला चांगलं." मग धरणाकडं हात करून म्हणाले, "हेच पाणी बोगद्यातून खाली उतरता आणि आमच्या नदीला मिळता. नदीतून खाडीत. तू हितं हंडा भरतेस, ते उरलेलं मला खाली मिळता. रडू नको उगाच."

मी रडले नाही. ते डोंगराआड गेल्यावर रडले. पुढचा वैशाख यायच्या आत खालून निरोप आला. बाबा गेले, आणि निरोप इथं पोचेपर्यंत त्यांचं दहावंही झालं होतं. मी उठून पाण्यावर गेले. भरलेलं, काठोकाठ पाणी. होडी त्याच्या तळाशी.

त्यानंतर मला दोन मुलगे झाले, ते रांगले, धावले, आता शाळेत जातात. मामंजीही गेले. चंद्री गेली, तिची रेडकं म्हशी झाली. वैशाख मात्र चुकत नाही.

यंदा आमच्या ह्यांनी गोठा नव्यानं बांधायला काढलाय. परवा जुनी गव्हाण मोडली. तिच्या पुढच्या अंगाला एक लांब फळी होती, जराशी वाकडी, कडेला ओळीनं भोकं पडलेली. म्हशींच्या गळ्यांनी घासून घासून ती तुळतुळीत झालेली. लग्न होऊन आले तेव्हापासूनची गव्हाण, पण ही फळी तेव्हापासूनची नव्हे, एवढंच मला अंधूक आठवत होतं. हे म्हणाले, "बंबात घालू हिला. लई दिस जळंल."

आत्याबाई ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही. फळी आपटल्याचा आवाज ऐकून म्हणाल्या, "ती होडीची का? जपून ठिवा रं. तेवडीच चांगली निगाली हुती."

मी विचारलं, "कोणत्या होडीची?"

"आपल्या. तुजा बा आला त्याच्या आदल्या सालीच ह्यांनी काडली न्हवं का. म्हनले, बाकी समदी कुजलीया, येवडी एक चांगली हाय, गव्हानीला व्हईल."

माझ्या हातातला झाडू हातातच राहिला. "आदल्या साली? मग मामंजींना ठाऊक होतं, होडी मेलेली आहे ते?"

"आता बया! शेतकरी मानूस, लाकूड कळत न्हाई व्हय?"

"मग बाबांना कशाला बोलावलं?"

आत्याबाईंनी चिंचोका बाजूला टाकला. "तू जेवत न्हवतीस," त्या म्हणाल्या. जणू मी पाऊस का पडतो असं विचारलं होतं.

मग दुसरी चिंच हातात घेऊन सांगू लागल्या. "तुज्या बालाबी ठावं हुतं. पयल्याच दिशी म्हनला, इवाई, ही मेलीया. तर ह्ये म्हनले, मेली तर मेली, मिरगापतुर ठोका. पर तुजा बा खोटं बोलंना. म्हनला, होन्याजोगी न्हाई तिला होन्याजोगी म्या कंदी म्हनलो न्हाई. ह्यांनाबी तसं म्हनता येईना. मग जांबळीखाली बसून दोगांनी ठरवलं, पोरीलाच इचारू. तिच्या तोंडनं व्हय आलं का कुनाला दोष न्हाई. ती व्हयच म्हनंल. तिलाबी बा हवाच हाय की." त्या हसल्या. "तर तू बया खरं बोलून मोकळी झालीस!"

मी फळी उचलली. जड होती. ह्यांना म्हटलं, बंबात घालायची नाही. का, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

दुपारी सगळे कलंडल्यावर मी फळी गोठ्याच्या कुडाला आडवी टेकवली. एका टोकाला कान लावला, हात लांब करून दुसऱ्या टोकाला मुसळाचं बूड हळूच आपटलं. आवाज सरळ कानात आला. टणक, थोडा गोड.

काठावरच्या त्याच जांभळीखाली चंद्रीची लेक रवंथ करत बसली होती. मी तिच्याजवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मामंजी बोलायचे तसं, मोठ्यानं, पलीकडच्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आगं, दोगांनाबी सांग म्हनावं, होडी होण्याजोगी हाय. मिरगापतुर ठोका."